कोरस 1:20 ला येतोय, पॉवर पॉप गाणं कुठे कापू?

सहातारी
बिग स्टार, रॅस्पबेरीज, चीप ट्रिक या बँडच्या वळणाचं पॉवर पॉप गाणं बांधतोय, म्हणजे गोड चाल आणि दणकट गिटार. जी मेजर, 120 बीपीएम (मिनिटाला ठोके). इंट्रो 8 बार (चार ठोक्यांचा एक बार), मग 16-16 बारांची दोन कडवी, त्यानंतर कोरस. एकूण 4:10. चाल चांगली आहे, पण गाणं रेंगाळतं. टेम्पो वाढवून भागेल का?

बारमोजणी
नुसत्या टेम्पोने नाही भागणार. 120 ला एक बार 2 सेकंदांचा, म्हणून तुमचे 40 बार 80 सेकंद खातात. 140 केलात तरी कोरस 69व्या सेकंदाला. आधी बार कापा. 140 ला असं धरा: इंट्रो 4, कडवं 16, कोरस 8, दुसरं कडवं फक्त 8, कोरस 8, मिडल एट (मधला वेगळ्या चालीचा तुकडा) 8, सोलो 8, शेवटी कोरस दोनदा (16), समारोप 4. झाले 80 बार, 2:17. कोरस 34व्या सेकंदाला येतो.

दुसरं कडवं निम्मं करायला जीव होत नाही, पण खरी कात्री तिथेच लागते. चाल एव्हाना कानात बसलेली असते. सोलोतही नवं काही शोधू नका, कडव्याचीच चाल जरा नटवून वाजवा.

खर्ज_पंचम
कोरस दमदार असेल तर त्यानेच सुरुवात करा. बीटल्सचं ‘शी लव्हज यू’ (1963) तसंच सुरू होतं, सूचना निर्माते जॉर्ज मार्टिन यांची. चीप ट्रिकच्या ‘सरेंडर’मध्ये (1978) पट्टी दोनदा अर्ध्या स्वराने चढते, त्यामुळे तेच कडवं ताजं वाटतं.

कोरसच्या शेवटी सी, सी मायनर, जी असे कॉर्ड लावून पाहा. जी ला सा मानलं तर आत शुद्ध ध, कोमल ध, पंचम अशी उतरण मिळते. हार्मनीवाल्याने नेमकी तीच गावी, काळजात हात घालते. दुसऱ्या गिटारला पाचव्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावून डी कॉर्डच्या आकारात वाजवा. दोन्ही गिटार एकाच उंचीच्या स्वरांत वाजल्या की आवाज गढूळ होतो.

सहातारी
कापून 2:20 वर आणलं, खूप आभार! फक्त सी मायनरवर काहीतरी टोचतंय.

खर्ज_पंचम
मुख्य गायक तिथे शुद्ध ध धरून राहत असेल. कोमल ध शी तो भांडतो. त्या बारात त्याला सा वर थांबवा.