क्वांटम डॉट मधेच विझतो, दोष गाभ्यातल्या चार्जचा की पृष्ठभागाचा?

पाषाण_रोड: लॅबमध्ये ह्यावरून जुंपली म्हणून इथे टाकतोय. कॅडमियम सेलेनाइडचा एकच क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचा, प्रकाश देणारा अर्धवाहक कण) सतत लेझरखाली ठेवला तरी मधेच विझतो नि परत पेटतो, म्हणजे ब्लिंकिंग, हे १९९६ पासून माहितीये, आणि १९९७ मध्ये एफ्रॉस आणि रोझेननी कारण दिलं की इलेक्ट्रॉन बाहेर पळतो, आत होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन चार्ज) उरतं, मग पुढच्या एक्सायटॉनची (प्रकाशाने बनलेल्या इलेक्ट्रॉन-होल जोडीची) एनर्जी प्रकाश न होता त्या होललाच जाते, ह्यालाच ऑगर प्रक्रिया म्हणतात. सगळे इथेच थांबतात. पण पळालेला इलेक्ट्रॉन बसतो कुठे? बऱ्याचदा पृष्ठभागावरच्या ट्रॅपमध्येच (चार्ज अडकतो अशा दोषाच्या जागेत) ना! तिथे बसून विद्युत फील्ड तयार करतो, त्याने डॉटचा रंगही सरकतो. माझं मत, मूळ दुखणं पृष्ठभागाचं आहे आणि आपण लिगँडकडे (पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंकडे) फार कमी बघतो.

डेक्कनकर: नाही पटलं. रेडिएटिव्ह लाइफटाइम (एक्सायटॉनला फोटॉन द्यायला लागणारा सरासरी वेळ) २० नॅनोसेकंदांच्या आसपास आणि चार्ज झालेल्या छोट्या डॉटमध्ये ऑगर काहीशे पिकोसेकंदांत उरकतं, मग फोटॉन निघणार कधी? २००८ मध्ये गाभ्यावर कॅडमियम सल्फाइडचं जाड शेल (कवच) चढवल्यावर ब्लिंकिंग खूपच कमी झालं की. लिगँडवर वेळ घालवण्यापेक्षा शेल जाड कर.

पाषाण_रोड: अरे पण जाड शेलने पृष्ठभागच लांब गेला ना, हे तर माझ्याच बाजूचं झालं! मेथॅनॉलने दोनदा जास्त धुतलं की लिगँड निघतात आणि सॅम्पल डोळ्यादेखत मंद होतं, तेव्हा शेल-गाभा तोच असतो.

डेक्कनकर: ते अख्ख्या बाटलीचं झालं. त्यात कायमचे मेलेले डॉट किती नि लुकलुकणारे किती हे कसं कळणार? आणि जाड शेलमध्ये इलेक्ट्रॉन पसरतो त्यामुळे ऑगरही मंदावतं, ते का सोडून दिलंस?

कोथरूड_ऑप्टिक्स: दोघंही २०११ चं अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचं काम सोडताय. त्यांनी एकेका डॉटला व्होल्टेज देऊन मुद्दाम चार्ज केलं आणि दोन प्रकार दिसले, ए टाइपमध्ये चमक पडते तशी लाइफटाइमही पडते, ते ऑगर, आणि बी टाइपमध्ये चमक जाते पण लाइफटाइम जवळपास तसाच राहतो, कारण गरम इलेक्ट्रॉन थंड व्हायच्या आधीच पृष्ठभागाचा ट्रॅप त्याला उचलतो. योग्य व्होल्टेजला ते ट्रॅप भरले की बी टाइप बंद. म्हणजे पृष्ठभागावरचा चार्ज दर वेळी घातकच असतो असंही नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाषाण_रोड: बी टाइप हाच तर माझा मुद्दा!

डेक्कनकर: तुझ्या डॉटमध्ये बी टाइप आहे हे आधी दाखव. एकेका डॉटचा चमक विरुद्ध लाइफटाइम प्लॉट टाक, लाइफटाइम हलला नाही तर लिगँडवर मीही तुझ्याबरोबर बसतो.