चर्चा धागा: चिनी ‘वू-शिंग’ म्हणजे पाच शक्ती की पाच चाली? अद्भुत कादंबऱ्यांनी मूळ विचाराचे काय केले?

सायंतारा

सुट्टीत माझ्याकडे राहायला आलेला चौदा वर्षांचा भाचा चिनी साधना-कादंबऱ्या इंग्रजी भाषांतरातून वाचत होता. या कादंबऱ्यांत नायक ध्यान, औषधी गोळ्या आणि गुरूची कृपा यांच्या बळावर अमरत्वाकडे निघतो. बऱ्याच कथांत गुरुकुलात प्रवेश मिळण्यापूर्वीच त्याच्या अंगी कोणते ‘आत्ममूळ’ आहे, लाकडाचे, अग्नीचे, मातीचे, धातूचे की पाण्याचे, हे तपासले जाते. एकच शुद्ध मूळ असेल तो भाग्यवान, आणि पाचही असतील तो टाकाऊ. भाच्याने मला विचारले, “मावशी, ज्याच्याजवळ पाचही आहेत तोच सगळ्यांत दुबळा कसा?”

त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि या कादंबऱ्यांनी या पाचांमागचा ‘वू-शिंग’ हा मूळ चिनी विचार उलटा करून टाकला आहे असे माझे मत आहे. ‘वू’ म्हणजे पाच, आणि ‘शिंग’ म्हणजे चालणे, जाणे, वागणे. हाडांवर कोरलेल्या प्राचीन लेखांत या अक्षराचे जे रूप आढळते, त्यात चार रस्ते मिळतात असा चौक दिसतो. ‘शू-जिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या ‘हाँग-फान’ प्रकरणात पाचांची ओळख करून दिली आहे ती त्यांच्या वागण्यावरून: पाणी भिजवते आणि खाली उतरते, अग्नी भडकतो आणि वर जातो, लाकूड वाकते आणि सरळ होते, धातू आकार घेतो आणि बदलतो, माती पेरणी स्वीकारते आणि पीक देते. पुढे यातूनच जन्माचे चक्र मांडले गेले. लाकडावर अग्नी पेटतो, अग्नीच्या राखेने माती होते, मातीच्या पोटी धातू सापडतो, धातूवर पाणी धरते आणि पाण्यावर झाड वाढते. धातूपासून पाणी कसे, असे ज्याला वाटेल त्याने गार पाण्याने भरलेला तांब्या पावसाळ्यात थोडा वेळ ओट्यावर ठेवून पाहावा. त्याला बाहेरून पाणी सुटते.

या चक्रात कुणीही एकटा समर्थ नाही. सरपण नसलेला अग्नी किती वेळ टिकेल? म्हणून ‘एकच शुद्ध मूळ श्रेष्ठ’ ही कल्पना मला या विचाराच्या मुळावर येणारी वाटते.

कोरा_कागद

आपण मनापासून लिहिले आहे, तरीही मला हे पटत नाही. तत्त्वज्ञान निर्मळ होते आणि कादंबरीकारांनी ते बाटवले, असा आपल्या मांडणीचा सूर आहे. प्रत्यक्षात या पाचांना शक्तीच्या उतरंडीवर बसवण्याचे काम कादंबरीच्या कितीतरी आधी राजसत्तेने केले. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात त्सोऊ यान या विचारवंताने राजघराण्यांचा इतिहासच पाचांमध्ये बसवला: पीतसम्राट मातीचा, श्या घराणे लाकडाचे, शांग धातूचे, झोऊ अग्नीचे. लाकूड मातीला भेदते, धातू लाकूड तोडतो, अग्नी धातू वितळवतो, म्हणून प्रत्येक नवे घराणे आधीच्याला जिंकते. इ.स.पू. 221 मध्ये चीन एकत्र करणाऱ्या पहिल्या सम्राटाने मग आपली सत्ता पाण्याची असल्याचे ठरवले. दरबारी पोशाख आणि ध्वज काळे झाले, सहा हा आकडा प्रमाण झाला, पीत नदीला ‘सद्गुणी जल’ असे नाव दिले गेले, आणि पाण्याचा स्वभाव कठोर असल्याचे सांगून कायदेही कठोर केले गेले. ‘कोण कुणाला हरवतो’ हा हिशोब आजच्या लेखकांनी शोधलेला नाही.

दुसरे असे की कल्पित कथेने या विचाराला जेवढे खेळवले, तेवढे कुठल्याही भाष्यकाराने खेळवलेले नाही. सोळाव्या शतकातल्या ‘शी-यू-जी’ (पश्चिमेची यात्रा) या कादंबरीत बुद्ध आपल्या पाच बोटांचे पाच डोंगर करून वानरराज सुन वुकाँगला त्यांच्याखाली 500 वर्षे दाबून ठेवतो. ते डोंगर म्हणजे हेच पाच. पुढे बौद्ध ग्रंथ आणायच्या यात्रेला निघाल्यावर वानराला धातूची, आणि त्याचे सोबती वराह व वाळूभिक्षू यांना अनुक्रमे लाकडाची व मातीची उपाधी कादंबरी देते, आणि त्यांची भांडणे व समेट यांतून साधनेची गोष्ट सांगते.

जुनी_वही

मी थोडी वेगळ्या बाजूने बोलते. या चक्राला खुद्द चीनमध्ये मोठा विरोध झालेला आहे आणि तो विसरून ‘मूळ विचार’ असे एकवचनात बोलणे योग्य नाही. मोझी या प्राचीन विचारवंताच्या अनुयायांनी स्वच्छ लिहिले आहे की पाचांपैकी कुणीच कुणाला नेहमी जिंकत नाही. अग्नी धातू वितळवतो तो अग्नी पुष्कळ असतो म्हणून, आणि धातू पुष्कळ असेल तर कोळसाच संपतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग चाँग या विचारवंताने तर प्राण्यांचाच दाखला दिला. उंदीर पाण्याचा आणि घोडा अग्नीचा मानतात, आणि पाणी अग्नीला जिंकते. मग उंदीर घोड्याच्या मागे का लागत नाही? कोंबडा धातूचा, ससा लाकडाचा. मग कोंबडा सशाला टोचून का खात नाही? अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी असे प्रश्न विचारले गेले असताना चक्राला पवित्र मानून कादंबरीला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

सायंतारा

वांग चाँगचा दाखला मला ठाऊक होता आणि तो मला आवडतोही. पण त्याचा रोख साचेबंद जोड्या लावण्यावर आहे, आणि माझी तक्रारही नेमकी तीच आहे. तेव्हा तो माझा साक्षीदार आहे, तुमचा नव्हे.

पहिल्या सम्राटाचे उदाहरण मान्य. जिंकण्याचे चक्र सत्तेने वापरले, हे नाकारता येणार नाही. पण जन्माचे चक्र माणसांनी कसे जगले हेही पाहावे. 1368 मध्ये मिंग घराणे स्थापन करणाऱ्या झू युआनझांगने आपल्या वंशजांच्या नावांचा नियमच घालून दिला. त्याच्या मुलांच्या नावाच्या अक्षरात लाकडाचे चिन्ह, नातवांच्या नावात अग्नीचे, पणतवांच्या नावात मातीचे, त्यांच्या मुलांच्या नावात धातूचे, पुढे पाण्याचे, आणि मग पुन्हा लाकडाचे. झू दी, झू गाओची, झू झानजी, झू चीझेन, झू ज्यानशेन ही सम्राटांची नावे चिनी लिपीत एकाखाली एक लिहिली की बाप मुलाला जन्म देतो आणि लाकूड अग्नीला, हे एकाच नजरेत दिसते. एका पिढीने दुसरीसाठी जागा करून द्यायची, हा या नावांचा अर्थ आहे, आणि कादंबऱ्यांत मला तोच सापडत नाही.

कोरा_कागद

नावांचे उदाहरण सुंदर आहे. तरी 1644 मध्ये ज्या सम्राटाबरोबर बीजिंगमधली मिंग सत्ता संपली त्याच्या नावातही लाकडाचेच चिन्ह होते, आणि त्यातून पुढचा अग्नी पेटला नाही. नियम सुंदर असला म्हणून जग तसे चालत नाही, आणि कथा नेमकी तिथे कामाला येते.

‘शी-यू-जी’तलाच लालपोराचा प्रसंग पाहा. तो राक्षसपुत्र गुहेबाहेर पाच ढकलगाड्या धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती अशा मांडतो, स्वतःच्या नाकावर दोन गुद्दे मारून घेतो, आणि त्याच्या तोंडातून ज्वाळा व नाकातून दाट धूर निघतो. वानर चार नागराजांना बोलावून पाऊस पाडवतो. नियमाप्रमाणे पाण्याने अग्नी विझायला हवा, पण आगीत तेल ओतावे तसा तो अधिकच भडकतो. शेवटी ग्वानयिन देवीच्या कलशातले पाणी लागते. हे लिहिणाऱ्याला नियम पाठ होता, आणि म्हणूनच तो कुठे मोडायचा हेही त्याला कळले. पाच मुळांचा ‘टाकाऊ’ मुलगा आजच्या कितीतरी कथांत नायक असतो, तोही याच कारणाने. त्याची वाढ संथ असते, पण वाचक त्याच्याच बाजूचा असतो.

पाणवठा

मला वाद शब्दाचा वाटतो. मराठी वाचक ‘पाच तत्त्वे’ वाचतो आणि त्याच्या मनात थेट पंचमहाभूते उभी राहतात: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिनी पाचांत वायू नाही, आकाश नाही. आपल्या पाचांत लाकूड नाही, धातू नाही. बीजिंगमध्ये 1610 मध्ये निधन पावलेला धर्मप्रचारक मातेओ रिची याच घोटाळ्यात सापडला होता. युरोपातली चार मूलद्रव्ये मनात ठेवून त्याने विचारले की लाकूड आणि धातू ही मूलद्रव्ये कशी असतील? ती द्रव्ये नव्हतीच, म्हणून प्रश्नच चुकला. तरीही भाषांतरात ‘पंचतत्त्वे’ हाच शब्द ठेवावा असे माझे मत आहे. ‘लाकडाची गती’ असे लिहिल्यास वाचक पहिल्याच पानावर अडखळेल.

सायंतारा

कोरा_कागद, लालपोराच्या बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेते. ते दोन अध्याय मी काल पुन्हा वाचले. ग्वानयिन सांगते की नागराजांचे पाणी वेगळे आणि या कलशातले अमृतजल वेगळे. तेव्हा तिथे कोण कुणाला हरवतो यापेक्षा कोण कसा वागतो याला महत्त्व आहे. ही कादंबरी मूळ विचाराशी इमान राखून आहे. ‘शुद्ध एक मूळ श्रेष्ठ’ मानणाऱ्या कथांबद्दल मात्र माझे मत तेच आहे, कारण नायक टाकाऊ ठरलेला असला तरी त्याला टाकाऊ ठरवणारी मोजपट्टी बहुतेक कथांत कुणी मोडत नाही.

पाणवठा, ‘गती’ अडखळवणारा आहे हे खरे. भाच्यासाठी मी एक कथा मराठीत उतरवते आहे आणि तिच्यात ‘चाल’ हा शब्द वापरून पाहते आहे. माणसाची चाल, गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, चालरीत हे सगळे त्या एका शब्दात येते, आणि ‘शिंग’चा चालण्याचा व वागण्याचा अर्थही त्यात राहतो.

पाणवठा

‘पाण्याची चाल’ चटकन कळते, ‘धातूची चाल’ कळायला दोन-तीन पाने जावी लागतील. पण ‘चाल करून जाणे’ म्हणजे हल्ला करणे, हाही अर्थ त्यात आहे, म्हणजे जिंकण्याचे चक्रही त्याच शब्दात बसते. एक प्रकरण उतरवून झाले की येथे द्यावे. मी माझ्या ‘पंचतत्त्वां’सह तेच प्रकरण करून शेजारी ठेवते.