मदत हवी आहे: ब्रॅम्लीच्या जुन्या झाडाला फुलं भरपूर, पण सफरचंद धरत नाहीत

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या बाजूला राहते, घराबरोबर मागच्या अंगणात ब्रॅम्लीचं मोठं जुनं झाड आयतंच मिळालंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे शिजवायचं सफरचंद, हिरवंगार, थोराड आणि दात आंबतील इतकं आंबट. शिजलं की पार विरघळून हलका लगदा होतो म्हणून इथे पाय, क्रंबलला हेच घेतात. आमच्याकडे त्याचा मेथांबा होतो, कैरीची आठवण येऊ देत नाही! (साखरांबा नका करू, फोडी राहतच नाहीत.)

आता अडचण अशी की मे महिन्यात झाड फुलांनी लगडतं, मधमाश्या पण येतात, पण फळं अगदी मोजकी. शेजारच्यांनी घर वाढवताना त्यांची सफरचंदाची झाडं काढली तेव्हापासून हे सुरू झालंय. ब्रॅम्ली ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे क्रोमोसोमचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे त्याचे परागकण जवळपास निकामी, त्याला दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि त्या दुसऱ्या झाडाला ब्रॅम्लीचा काही उपयोग नाही, म्हणून अजून दोन वेगळ्या जाती लावा असं सांगतात. माझ्याकडे जागा एकाचीच आहे, ती पण कुंपणाला लागून.

मग सेल्फ फर्टाइल (स्वतःच्याच परागांवर फळ धरणाऱ्या) जातीचं एकच लावलं तर दोघांचंही भागेल का? की सरळ क्रॅब ॲपल (बारक्या आंबट फळांचं रानटी सफरचंद) लावू, त्याला फळ नाही धरलं तरी माझं काही अडत नाही? एम २७ खुंटावरचं (झाड बुटकं ठेवणारा कलमाचा खुंट) बुटकं झाड कुणी मोठ्या कुंडीत वाढवलंय का, ब्रॅम्लीबरोबरच फुलतं का ते?

काहीजण म्हणतात की हापूससारखं हे पण वर्षाआड धरतं, पण मग आडवर्षी फुलंच कमी यायला हवीत ना, इथे तर दरवर्षी फुलतंय.

दुसरं म्हणजे छाटणी. एक माळी म्हणतो हिवाळ्यात सगळे शेंडे कापून टाकू, पण ब्रॅम्लीला काही फळं शेंड्यांवरच येतात आणि जोरात कापलं की नुसते उभे सोट फुटतात असं वाचलंय, त्यामुळे मी त्याला थांबवलंय. बरोबर केलं ना?

झाड तोडून टाका असा सल्ला कृपया नको. मूळ झाड इथून जवळच साउथवेलला, मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने 1809 मध्ये बी पेरून लावलेलं, नंतर ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने घेतलं, आणि मेरीवेदर नावाच्या तरुणाने कलमं मागितली तेव्हा ब्रॅम्ली त्याला, माझं नाव देणार असशील तर ने, असं म्हणाला. जगातली सगळी ब्रॅम्ली त्या एका झाडाची कलमं आहेत, माझंसुद्धा, म्हणून जीव आहे त्याच्यावर.

बेअर रूट (मुळांना माती नसलेली) रोपं नोव्हेंबरपासून मिळायला लागतात, त्याआधी जात ठरवायची आहे. थंड प्रदेशात सफरचंद लावलेल्यांनी प्लीज सांगा.