इम्प्लांटला मराठीत काय म्हणावं? रोपण, प्रत्यारोपण की नुसतं 'बसवणं'?

खाडीपल्याड (गुहागर): आमच्या वाडीतला एक जण माडावरून पडला. मानेचा मणका गेला, हातपाय लुळे आहेत. त्याच्या भावाला कुठून तरी मेंदूचे संकेत टिपून संगणक चालवणाऱ्या मेंदू-संगणक जोडणीवरचं मराठी माहितीपत्रक मिळालं. त्यात 'मेंदूत इलेक्ट्रोडचे (म्हणजे संकेत टिपणाऱ्या बारीक टोकांचे) प्रत्यारोपण' आणि 'मनातले विचार वाचणारी चिप' असं छापलंय. तो घाबरून विचारायला आला, "म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मेंदूतलं ह्याच्यात घालणार?" मूत्रपिंड प्रत्यारोपण ऐकलेल्या माणसाचा असा समज होणारच. मला त्याला दोन पानं नीट लिहून द्यायची आहेत. इम्प्लांटला नेमका शब्द कोणता? आणि इंटरफेसला, म्हणजे मेंदू-संगणकातल्या त्या जोडणीला?

जुनाकित्ता (रत्नागिरी): प्रत्यारोपण म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला. इम्प्लांट म्हणजे रोपण. दंतरोपण म्हणतोच की आपण. इंटरफेसला 'आंतरपृष्ठ' आहे. जड वाटेल, पण शब्द वापरल्यानेच रुळतात. सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला तो इथल्याच स्थानबद्धतेत (१९२४ ते १९३७). असले शब्द कोण वापरणार, म्हणणारे तेव्हाही होते. आज त्यांचा 'दिनांक' कुणाला खटकतो?

आंबेवाली (देवगड): दिनांक ठीक आहे काका, पण 'रोपण' इथे चुकीची आशा दाखवतो. आमच्या घरी तीन पिढ्या कलमं बांधतात. खुंट आणि काडी एकजीव झाली तरच कलम लागलं म्हणायचं. मेंदू इलेक्ट्रोडशी एकजीव होत नाही. तो त्याला परका मानतो, भोवती व्रणासारखं आवरण धरतो आणि संकेत क्षीण होत जातात. न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये नोलंड आर्बॉ यांच्या मेंदूत पहिलं यंत्र बसवलं. त्यांचीही मानेलाच इजा आहे. ६४ धागे, त्यांवर १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांतच बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकले. सॉफ्टवेअर सुधारल्यावर संगणकाच्या पडद्यावरचा कर्सर पुन्हा चांगला चालायला लागला, ते कौतुकाचंच. पण हे 'रुजणं' नव्हे, आणि त्या भावाला ते आधी कळलं पाहिजे.

गजालीकार (मालवण): आमच्या हयसर रोपण कोण म्हणता? पेसमेकर बसयतत, डोळ्यात भिंग घालतत, स्टेंट टाकतत. क्रियापद आहे, मग नाम हवंच कशाला?

खाडीपल्याड: हे मला फार पटलं, कारण ह्या यंत्रांतही तोच फरक आहे. ब्रेनगेट ह्या संशोधन गटातले लोक वापरतात ती यूटा पट्टी, ४ मिलिमीटरच्या चौकोनात शंभरेक सुया, ती कवटी उघडून बसवावी लागते. सिंक्रॉन कंपनीची १६ इलेक्ट्रोडची जाळी मानेच्या शिरेतून वर सरकवत मेंदूजवळच्या मोठ्या शिरेत नेतात, कवटीला हात लागत नाही. ती 'टाकली' म्हटलं की ज्याच्या घरात कुणाला स्टेंट टाकलाय त्याला लगेच कळतं. रोपण म्हटलं की दोन्ही सारखीच वाटतात.

जुनाकित्ता: बोलताना ठीक. शास्त्रीय लेखनात नाम लागतंच. मथळ्यात काय लिहाल, 'मेंदूत टाकणे'?

नाडीपरीक्षा (चिपळूण): मथळ्याचं नंतर बघा. 'मनातले विचार वाचणारी चिप' हे आधी खोडा. ती विचार वाचत नाही. माणूस हात हलवायचा किंवा बोलायचा प्रयत्न करतो, त्या प्रयत्नाचे संकेत ती टिपते. २०२१ च्या प्रयोगात लुळा झालेला माणूस मनाने हात हलवून अक्षरं लिहीत होता, मिनिटाला ९०. २०२३ मध्ये बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द. सामान्य बोलणं दीडशेच्या आसपास असतं, त्यामुळे ही मजल मोठी आहे. पण हे सगळे प्रयोग आहेत, कुठल्याही दवाखान्यात जाऊन करून घेता येणारा उपचार नव्हे. ते पहिल्याच ओळीत लिहा. शिवाय हे दोन्ही प्रयोग इंग्रजीत झाले. मराठीसाठी काना-मात्रा, जोडाक्षरं संगणकाला नव्याने शिकवावी लागतील. पहिली वेलांटी आपण अक्षराआधी काढतो की नंतर?

आंबेवाली: नंतर. आधी अक्षर, मग वेलांटी.

जुनाकित्ता: आम्हाला शाळेत आधी काना, मग अक्षर, मग वरचा वळसा असं शिकवलंय.

खाडीपल्याड: इंटरफेसला 'दुवा' चालेल का? मेंदू-संगणक दुवा?

गजालीकार: 'सांधा' बरा. पण काका, तुमचं 'एकाचं काढून दुसऱ्याला' हे भाताला कसं लागू होतं? आवण काढून दुसऱ्या कुणग्यात लावतो, त्याला इंग्रजीत ट्रान्सप्लांटच म्हणतात. मग लावणी म्हणजे प्रत्यारोपण की रोपण?

जुनाकित्ता: लावणी ती लावणीच. आणि तुमच्याकडे आवण म्हणतात? मालवणात 'तरवो' ना?

गजालीकार: उभा असता तेवा तरवो, उपटून जुडी बांधली काय आवण.

आंबेवाली: देवगडात आम्ही दोन्हीला तरवाच म्हणतो.