टोबरमरी: नुसता फोटो काढून परत फिरू नका!

स्कॉटलंडच्या सहलीत मल बेटावरचं टोबरमरी बहुतेक जण धावतपळत उरकतात. बंदरावरच्या लाल-पिवळ्या-निळ्या घरांचा फोटो काढला, की निघाले परतीच्या बोटीला. मला हे फार खटकतं. १७८८ मध्ये मासेमारीसाठी वसवलेल्या या गावाची बाजारपेठ म्हणजे समुद्रालगतचा एकच रस्ता, आणि तीच मनसोक्त हिंडून बघण्यासारखी आहे. तिथे राहिलेल्यांनी, हिंडलेल्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

---

आम्ही ग्लासगोत असतो. सासूबाई नागपूरहून आल्या तेव्हा त्यांना मुद्दाम टोबरमरीला नेलं. मुख्य भूमीवरच्या ओबनहून बोटीनं पाऊण तासात मल बेटावरचं क्रेगन्यूर, पुढे बस. मेन स्ट्रीटवर ब्राउन्स नावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे खिळे, दोऱ्या, रंगाचे डबे आणि त्याच छताखाली व्हिस्कीच्या बाटल्या! सासूबाईंच्या माहेरचं भुसार दुकान होतं. त्या एकेक फळी निरखत म्हणाल्या, "आमच्या बाबांकडेही असंच. खिळ्यापासून खोबऱ्यापर्यंत." त्याच रस्त्यावर पुस्तकं आणि मासेमारीचे गळ एकत्र विकणारं दुकानही आहे. मोठ्या बाजाराला जायचं तर समुद्र ओलांडावा लागतो, म्हणून इथे एकाच दुकानात दोन-तीन दुकानांचा माल असतो.

चीजचं विशेष सांगते. गावाबाहेर स्क्रीब्रुआ फार्मवर आइल ऑफ मल चीज बनतं. गाईंचं कच्चं दूध वापरतात आणि चीज फडक्यात गुंडाळून मुरवतात. गावातल्या १७९८ च्या व्हिस्की डिस्टिलरीत उरलेला बार्लीचा चोथा या गाईंच्या चाऱ्यात जातो. हे कळल्यावर तुकडा तोंडात टाकला, तर सालीजवळ चांगलाच झणका लागला. सासूबाईंनी गावी न्यायला एक तुकडा बांधून घेतला.

---

लहान मुलं बरोबर असतील तर बंदरावरचं मल अ‍ॅक्वेरियम चुकवू नका. जागा लहानशीच आहे. खेकडे, तारामासे आसपासच्या समुद्रातून आणतात आणि काही आठवड्यांनी परत सोडतात. माझ्या लेकीला या सोडण्याचंच जास्त अप्रूप वाटलं. बीबीसीच्या एका बालमालिकेचं चित्रण या गावात झालं होतं, त्यामुळे इथली मुलं रंगीत घरं नावानिशी ओळखतात. आपल्या मुलांना तेवढी ओळख नसते, तरी रंगांवर ती खूश होतात.

---

मी मुंबईचा, आणि मला तिथे मुंबईच भेटली; ते पुढे सांगतो. मेन स्ट्रीटवरचं मल म्युझियम दोन खोल्यांएवढं असेल, पण १५८८ मध्ये याच खाडीत स्फोट होऊन बुडालेल्या स्पॅनिश आरमाराच्या जहाजाची हकिकत तिथे जरूर वाचा. सोन्याच्या आशेनं लोकांनी शतकानुशतकं तळ धुंडाळला, खजिना काही मिळाला नाही.

बेटावरच ग्रूलीनला लॅकलन मॅक्वारीची समाधी आहे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला हा माणूस शेजारच्या उल्वा बेटावर जन्मला. फौजेत असताना तो मुंबईत होता आणि १७९३ मध्ये तिथेच जेन जार्विसशी त्याचं लग्न झालं. ती १७९६ मध्ये मकाऊला वारली, तर दफनासाठी त्यानं तिला मुंबईला आणलं. मलच्या समाधीत त्याच्याबरोबर दुसरी बायको एलिझाबेथ आहे. जेन मात्र आपल्या शहरातच राहिली. हे समजल्यावर मला तिथून लगेच हलवेना.

बंदरावरचा घड्याळाचा मनोराही नीट बघा. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्या इझाबेला बर्डच्या पैशांतून, तिची बहीण हेन्रिएटाच्या आठवणीसाठी तो बांधलाय. अमृतसरला तिनं याच बहिणीच्या नावानं रुग्णालयही काढलं होतं.

---

आम्ही शाकाहारी. बंदराच्या धक्क्यावरच्या गाडीवर मासे आणि चिप्ससाठी रांग असते. चिप्स तळायचं तेल वेगळं आहे का, ते तिथेच विचारून घ्या. आम्ही चढ चढून वर अन टोबरला गेलो. जुन्या शाळेच्या इमारतीतलं हे कलाकेंद्र, खाली अख्खं बंदर दिसतं. बाकी दुकानं भराभर बघितली, पण रुआ नान गाल दीपगृहाची पायवाट सावकाश चाललो. दीपगृह १८५७ चं. वाट झाडीतून कड्याकडेनं जाते आणि पावसात बरीच निसरडी होते, त्यामुळे चांगले बूट हवेत.

---

वरच्या सगळ्यांना दुजोरा. उन्हाळ्यात गाडी नेणार असाल तर बोटीवरची जागा खूप आधी राखून ठेवा. क्रेगन्यूरहून येताना बराच रस्ता एकाच गाडीपुरता अरुंद आहे. समोरून गाडी आली, की बाजूच्या थांब्यात शिरून वाट द्यायची. मागे स्थानिक माणसाची गाडी असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या, त्याला कदाचित बोट गाठायची असते.