जेलच्या नोकरीला इंग्रजी कशाला? – पाटील भाऊंच्या पोस्टला उत्तर

गिरणाकाठची
काल पाटील भाऊंची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. जळगावात कुणीतरी कारागृह शिपाई झालेल्या आणि होऊ बघणाऱ्या पोरांसाठी इंग्रजीचा क्लास काढलाय, त्यावर भाऊंचं म्हणणं: "चावी फिरवायला ग्रामर लागत नाही, हे सगळे क्लासवाल्यांचे धंदे." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

भाऊ, मी विधी सेवेची, म्हणजे गरिबांना फुकट कायद्याची मदत देणाऱ्या प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून तुरुंगात जाते. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं हायकोर्ट म्हणजे संभाजीनगरचं खंडपीठ. तिथला जामिनाचा आदेश इंग्रजीत असतो. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगून ठेवलंय की आदेशाची प्रत त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेलने पोचवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. म्हणजे तो कागद येतो तुरुंगाच्या टेबलावर.

धडगावकडचे एक आजोबा मुलासाठी आले होते. कुठल्या तुरुंगात ते लिहीत नाही. टेबलावरच्याने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि सांगितलं, "जामीनदार आणा." आजोबा सातबारावाला माणूस शोधत गावोगाव हिंडले. त्याच आदेशात खाली लिहिलं होतं की तूर्त कोर्टात रोख रक्कम भरून सोडा, जामीनदार चार आठवड्यांत द्या. मक्याचे पैसे त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले होते.

पिंप्राळ्याचा पाटील
ताई, म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. पण त्याचा वकील काय झोपला होता? वकिलाने करायचं काम शिपायाच्या गळ्यात कशाला?
आणि राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. सरकारी कारभार मराठीत चालला पाहिजे. भरतीची लेखी मराठीत, आणि नोकरी लागल्यावर इंग्रजी? माझा पुतण्या त्या क्लासला जाऊन बसला एक दिवस. 'गुड मॉर्निंग सर, मे आय कम इन' घोकून घेत होते. बराकीत कुणाला म्हणणार तो हे?

गिरणाकाठची
वकील? सरकारी खर्चाचा वकील एकेकाकडे किती फायली असतात बघा कधी. आणि सगळं वकिलावर नसतं. नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479 आहे. पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन बंद्याने, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या कैद्याने, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की अधीक्षकानेच त्याच्या जामिनासाठी कोर्टाला लेखी अर्ज करायचा. फाशी-जन्मठेपेची कलमं वगळून.

पिंप्राळ्याचा पाटील
आणि तो अर्ज जळगावच्या कोर्टात मराठीत चालतो! स्वतःच्याच उदाहरणात अडकलात.

गिरणाकाठची
हो, तो चालतो. खंडपीठाचा आदेश मराठीत येत नाही, त्यावर बोला.

जुना सुभेदार
मी जेलच्या नोकरीतच म्हातारा झालो, म्हणून बोलतो. आमच्याकडे इंग्रजी येणारा एकच बाबू. तो रजेवर गेला की ई-प्रिझन्सच्या, म्हणजे कैद्यांच्या कॉम्प्युटरवरच्या, नोंदी तशाच, टपाल तसंच. तुरुंगात मृत्यू झाला की 24 तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं. रात्री दोनला त्या बाबूच्या घरी गाडी पाठवायची आम्ही.
पण इंग्रजी नंतर शिकवा. आधी रात्रपाळीला माणसं द्या. क्वार्टरच्या छतातून पाणी गळतं, त्यावर कुणी धागा काढत नाही. साप्ताहिक सुटी कागदावर. आणि वरून म्हणे कम्युनिकेशन स्किल!

तोरणमाळचा
तुम्ही सगळे इंग्रजी-मराठी करत बसलात. आमच्या डोंगरातली पोरं आत आहेत, त्यांना पावरी बोली येते. मराठीतली सूचनाही डोक्यावरून जाते. कैद्यांना कसं वागवायचं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांत आहे की कैद्याला नियम त्याला समजेल त्या भाषेत सांगायचे. कोण सांगतं? शेजारच्या बराकीतला दुसरा कैदी, तोही अर्धं आपल्या मनाचं.

अमळनेरकर
शंभर टक्के. आपली अहिराणी बोलली की साहेब लोक हसतात. "माले समजस नही" म्हटलं तर उलट दटावणी. शिपायाला अहिराणी सक्तीची करा आधी, सगळ्या खान्देशात चालेल.

यावलकर
सगळ्या खान्देशात? आमच्याकडे लेवा गणबोली आहे, विचारलं का कधी? दरवेळी खान्देश म्हटलं की अहिराणी, बाकी आम्ही काय पाहुणे?

अमळनेरकर
भो, तुना बापनं काय जास? तुम्हीबी बोला ना तुमची बोली.

यावलकर
बापावर जाऊ नका.

तोरणमाळचा
दोघांच्या भांडणात पावरी पुन्हा गेली. भिलोरी, मावची तर निघालीच नाही.

पिंप्राळ्याचा पाटील
हेच तर म्हणतो मी! बोली हवी, इंग्रजी नको. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीता सांगितली ती मराठीत, साने गुरुजींनी लिहून घेतली ती मराठीत. तेव्हा कुणाचं अडलं नाही.

गिरणाकाठची
भाऊ, ते राजकैदी होते. विनोबांना किती भाषा येत होत्या, गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर. साहेबाचा हुकूम ते स्वतः वाचत होते. आजोबांशी कुठे जोडताय?

क्लासवाले सर
इतका वेळ गप्प होतो. बोलणं शिकवतो कारण पोरं तेच मागतात. इंटरव्ह्यूत छाप पडते म्हणतात.

जुना सुभेदार
शिपायाच्या भरतीत इंटरव्ह्यू असतो कुठे, सर? मैदानी आणि लेखी. छाप कुणावर पाडणार, गोळाफेकीच्या गोळ्यावर?

गिरणाकाठची
सर, तुम्हीही ऐका. उभ्याने बोलायची इंग्रजी तिथे महिनोन् महिने लागत नाही. खंडपीठाचा आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं, अटी वेगळ्या काढणं, गुन्हा नंबर आपल्या नोंदीशी ताडणं, कैदी दुसऱ्या गुन्ह्यात हवा असेल तर ते शोधणं, दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाला चार ओळींचं पत्र लिहिणं. एवढं शिकवा.

क्लासवाले सर
त्याला विद्यार्थी मिळणार नाहीत ताई.

पिंप्राळ्याचा पाटील
एक मिळेल. पुतण्याला पाठवतो, पण ते 'मे आय कम इन' गाळून. आणि भरलेली फी त्यातच धरा, नवीन मागू नका. ताई जिंकल्या असं कुणी समजू नका, कारभार मराठीतच पाहिजे.

तोरणमाळचा
आणि पावरीचं?

अमळनेरकर
त्याना धागा तू काढ भो, मी येस.