पाणबुड्यांचा शोध: म्हणजे नेमका कोणाचा?

गिरणाकाठ:
मंडळी, एका शब्दावर दोन दिवस अडकलोय. चाळीसगावला बसून माहितीपटांची मराठी संहिता लिहितो, आवाज मुंबईत देतात. सध्याची मालिका बुडालेल्या जहाजांची आहे. दोघं-तिघं पाठीवर नळकांडी बांधून उतरतात, तळाशी पडलेलं जहाज कोणाचं, ते का बुडालं याचा छडा लावतात. आत्ताचा भाग असा: 1991 साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून बरंच आत, साधारण 70 मीटर खोलीवर, दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी सापडली. कागदोपत्री तिथे कुठलीच पाणबुडी नव्हती. ओळख पटायला 1997 उजाडलं. ती निघाली यू-869, जी कागदांवर पार जिब्राल्टरकडे बुडालेली होती. दरम्यान तिच्यापायी तिघांचा जीव गेला.

मी लिहिलं, 'पाणबुड्यांचा शोध सहा वर्षं चालला.' संपादक बाईंचा फोन. म्हणाल्या, शोध घेणारे पाणबुडे, की ज्यांचा शोध घेतला त्या पाणबुड्या? मी वाक्य परत वाचलं आणि गप्प बसलो. पुढचं वाक्य तर 'पाणबुड्यांमुळे पाणबुड्यांना धोका' असं होतं. त्या म्हणतात 'गोताखोर' लिहा. माझं मन घेत नाही.

दुसरं, तळाशी पडलेल्या त्या जहाजाला एका शब्दात काय म्हणायचं? इंग्रजीत नुसतं 'रेक' म्हणून मोकळे होतात. मी दर वेळी 'बुडालेल्या जहाजाचे अवशेष' लिहितो आणि तोवर पडद्यावरचा माणूस वर येऊन चहा प्यायला लागलेला असतो.

भुसावळी:
'रेक' तेवढं लिहू नका दादा. आमच्या गावात रेक म्हणजे मालगाडी. 'समुद्राच्या तळाशी रेक सापडली' ऐकलं तर निम्मं भुसावळ ड्युटीवर निघेल.

गोताखोरला का नाक मुरडता? तापीला पूर आला, कोणी वाहून गेलं, की इथे सगळे म्हणतात 'गोताखोर बोलवा'. पाणबुड्या बोलवा म्हणणारा मी अजून पाहिला नाही.

मात्रावेलांटी:
पहिली गोष्ट, 'पाणबुड्या' पुल्लिंगी, त्याचं अनेकवचन 'पाणबुडे'. 'पाणबुडी' स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन 'पाणबुड्या'. प्रथमेत काही गोंधळ नाही: पाणबुडे उतरले, पाणबुड्या बुडाल्या. सामान्यरूपात दोन्ही एक होतात, तिथे वाक्य फिरवा. 'सहा वर्षं पाणबुडे शोध घेत राहिले' लिहिलं की झालं. शब्द मुका नाही, लिहिणारा आळशी आहे. (राग नसावा.)

दुसरी गोष्ट, गोताखोर हा हिंदी शब्द. आपल्याकडे बुडी आहे, सूर आहे, मुटका आहे. तरी उसनवारी कशाला?

गिरणाकाठ:
राग नाही ताई, आळशी आहेच. पण ही ऐकायची संहिता आहे, वाचायची नव्हे. 'पाणबुडे' म्हटलं की आमच्या घरी पाणकोंबड्या आठवतात.

भुसावळी:
ताई, 'गोता खाल्ला' म्हणता ना तुम्ही? मग नुसता गोता मराठी आणि त्याला खोर लागला की परका? 'चुगलखोर' चालतो, 'हरामखोर' तर फार चालतो.

मात्रावेलांटी:
चालतो, तुमच्या प्रतिसादांत.

पांझरा:
वाद थांबवा, धुळ्याचं ऐका. आमच्या पेपरात गोताखोर नसतो, पाणबुड्याही नसतो. 'पट्टीच्या पोहणाऱ्यांनी मृतदेह बाहेर काढला.' लहानपणापासून हे एकच वाक्य वाचतोय. पट्टीचे पोहणारे! पट्टी कसली, हे कोणाला माहीत आहे का? मी समजायचो त्यांच्या कपाळाला पट्टी बांधलेली असते.

भुसावळी:
पेटीची पट्टी. काळी दोन, पांढरी चार. पट्टीचा गवय्या, तसा पट्टीचा पोहणारा.

मात्रावेलांटी:
पेटी आपल्याकडे आली इंग्रजांच्या काळात. त्याआधी पट्टीचे गवई नव्हते की काय?

पांझरा:
त्याआधी मृतदेह कोण काढायचं, हेही विचारा.

तळोद्याची:
इकडे नंदुरबारकडचं सांगू का? माझ्या आजीचं गाव उकाईच्या पाण्यात गेलं. धरण गुजरातेत, 1972 ला पुरं झालं, पाणी मागे आमच्या नवापूर-नंदुरबारपर्यंत पसरलं. आजी गाव 'बुडालं' म्हणायची नाही. म्हणायची, गाव 'बुडितात गेलं'. नर्मदेकडच्या 33 गावांच्या तोंडीही हाच शब्द: बुडीत. बुडीत क्षेत्र, बुडीत जमीन, बुडिताचे पैसे. बुडणं ही एकदाची घटना. बुडीत म्हणजे बुडून तिथे आहे, अजून आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की आजीच्या वाड्याचा ओटा वर यायचा. त्यावर चिखलाचा थर, आणि ओट्यात बसवलेलं उखळ तसंच्या तसं, पाण्याने भरलेलं. आजी लांबूनच बघायची, जवळ जायची नाही.

तर 'बुडीत जहाज' का नाही? दोन शब्द, सहा अक्षरं. अवशेष वगैरे लागतच नाही.

गिरणाकाठ:
हे आवडलं ताई. खरंच आवडलं. आजच वापरून बघतो.

भुसावळी:
चांगलाय, पण जळगाव जिल्ह्यात 'बुडीत' म्हटलं की लोक पतसंस्थेची पावती काढून दाखवतील. माझ्या वडिलांचे चाळीस हजार बुडीत आहेत, ते कितव्या मीटरवर सापडतील तेवढं त्या गोताखोरांना विचारा.

मात्रावेलांटी:
'बुडीत' सरकारी कागदातला शब्द आहे. भूसंपादनाच्या नोटिशीतून तोंडात आला. त्यात काव्य शोधू नये.

तळोद्याची:
नोटिशीत कुठून आला, ताई? नोटीस लिहिणाऱ्यालाही आईच्या दुधातूनच मराठी आली असेल ना.

रेवसची सून:
मी मूळची रेवसकडची, लग्न होऊन धुळ्यात आले, म्हणून या धाग्यावर माझा हक्क दुहेरी. आमच्याकडे तारू 'फुटतं', गलबत 'फुटतं'. खडकावर आपटून फुटतं, म्हणून. तळाशी राहतो तो 'सांगाडा'. तुमचं बुडीत गोड आहे, पण दर्यावर कोणी म्हणणार नाही.

आणि एक गंमत. आमच्या घरी अजून 'रामदास बुडाली' म्हणतात. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेवर माणसं गेली. माझा धुळेकर नवरा पहिल्यांदा ऐकून म्हणाला, 'रामदास बुडाला' म्हण, पुरुषाचं नाव आहे! पण ती बोट. बोट स्त्रीलिंगी, म्हणून रामदासही 'ती'. आता तुमच्या संहितेत टायटॅनिक बुडालं की बुडाली?

गिरणाकाठ:
बुडालं. जहाज म्हणून.

रेवसची सून:
आमच्याकडे बुडाली. आणि 71 च्या युद्धात दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली ती खुकरी? 'खुकरी बुडालं' म्हणून बघा, तोंडच वळत नाही.

पांझरा:
वहिनी, पेपरवाल्यांनी सोपं केलंय. जहाज असो, बोट असो, ट्रॅक्टर असो, सगळ्याला 'जलसमाधी'.

मात्रावेलांटी:
त्या शब्दाचा मला संताप येतो. समाधी घेतात, स्वेच्छेने. सहाशे माणसं जीव वाचवायला धडपडत होती, ती समाधी?

रेवसची सून:
इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे त्या दिवसाबद्दल बोलताना कोणी हा शब्द तोंडातून काढला असता तर माझ्या आजीने त्याला घराबाहेर काढला असता.

गिरणाकाठ:
आता माझी दुसरी फजिती. एका भागात पडद्यावर गंजलेला भला मोठा नांगर दिसतो, निवेदक म्हणतो 'अखेर नांगर सापडला!' माझी आई शेजारी बसून शेंगा निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, "समुद्रमा नांगर कसाले रे?" साठ वर्षं शेतात गेली तिची. तिच्या डोळ्यापुढे फाळ, हाळस आणि जू. मी समजावलं, हा जहाजाचा. तर म्हणे, मग त्याला दुसरं नाव ठेवा, आमचं कशाला नेलं?

मात्रावेलांटी:
तुमच्या आईंचा मुद्दा बिनतोड आहे. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून. जहाजाचा फारसी 'लंगर'. दोन वेगळ्या घरची मुलं एका नावाने वाढली, असं मला वाटतं.

भुसावळी:
म्हणजे फारसीचं चालतं! मग गोताखोरानेच काय घोडं मारलं?

रेवसची सून:
तसं काही नसेल. दोन्ही तळात रुततात, म्हणून एकच नाव. आमच्याकडचे म्हातारे असंच सांगतात.

मात्रावेलांटी:
म्हातारे सांगतात म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

गिरणाकाठ:
बरं, अजून एक अडलंय. खोलीवर राहून घाईघाईने वर आलं की शरीराला होतं ते 'बेंड्स'. माझ्या आधीच्या भाषांतरकाराने 'त्याला वळणे आली' असं लिहून ठेवलंय. मी 'सांधे धरले' केलं.

पांझरा:
सांधे धरतात ते थंडीत. हे तर गोटी सोड्यासारखं आहे ना? गोटी दाबली की दाब सुटतो, आत विरलेला वायू फसफसून बुडबुडे होतात. इथे रक्तात विरलेला नायट्रोजन तसाच फसफसतो. हळूहळू वर आलं तर श्वासावाटे निघून जातो. नाव पडलं ते पूल बांधणाऱ्या मजुरांवरून. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत पाया खणायचे, वर आल्यावर दुखण्याने वाकून चालायचे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणारा मुख्य इंजिनियर रोबलिंग त्यातच अंथरुणाला खिळला. तुम्ही 'रक्त फसफसलं' लिहा.

मात्रावेलांटी:
रक्त फसफसलं! एखाद्या कीर्तनकाराला द्या हे.

पांझरा:
आणि त्या पाणबुडीची ओळख कशी पटली ते सांगायचं राहिलं की दादा.

गिरणाकाठ:
आधी एक सुरी मिळाली. मुठीवर 'होरेनबर्ग' कोरलेलं. पण नुसत्या नावावर कोणी मानेना, सुरी उसनीही असू शकते. शेवटी आतून सुट्या भागांच्या पेटीवरची पट्टी मिळाली, तिच्यावर आकडा होता, 869.

पांझरा:
हे मात्र आमच्या घरी घडलंय. 72 च्या दुष्काळात विहीर आटली, गाळ काढायला माणसं उतरवली. गाळात दोन घागरी, एक कडीतुटका पोहरा आणि एक तांब्याचा तांब्या. चिंचेने घासला तर पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, माझ्या पणजीचं, माहेरच्या आडनावासकट. आजोबांचे काका तीस वर्षं म्हणत होते तो तांब्या गड्याने चोरला. गडी केव्हाच मरून गेला होता. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, असं वडील सांगतात.

तळोद्याची:
आई गं.

भुसावळी:
त्या विहिरीला पाणी किती होतं पण?

पांझरा:
विहीर सहा परस खोल. एरवी तीन परस पाणी कायम.

रेवसची सून:
परस म्हणजे?

पांझरा:
पुरुष. माणसाची उंची. खोली मोजायचं माप. तुमच्याकडे काय?

रेवसची सून:
वाव. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. दोरी सोडायची आणि ओढताना हातांवर मोजायची. सहा फूट धरतात.

गिरणाकाठ:
अरे! इंग्रजांचा 'फॅदम' हाच की. तोही सहा फूट, तोही पसरलेल्या हातांचा. मी सगळीकडे मीटर करत बसलो होतो. म्हणजे ती यू-869 पडली होती साधारण 38 वाव पाण्यात. कसलं भारी वाटतं ऐकायला!

पांझरा:
38 परस म्हणा. ऐकणारा खान्देशातला आहे.

रेवसची सून:
समुद्र खान्देशात नाही.

मात्रावेलांटी:
आणि परस म्हणजे सहा फूट नव्हे. पुरुषाचं जुनं माप हात वर करून उभ्या माणसाचं. साडेसात फुटांच्या आसपास जातं. आकडा चुकेल.

पांझरा:
हात वर करून? आमच्या विहिरीवर तर मोटेचा नाडा छातीवर पसरून मोजायचे. हात आडवे.

मात्रावेलांटी:
मग ते वाव मोजत होते आणि म्हणत परस होते.

पांझरा:
ताई, विहीर आमची, दोर आमचा, नावही आम्हीच ठेवणार ना?

भुसावळी:
जिभाऊ, घरात कोणी जुनं माणूस असेल तर विचारा. हात वर की आडवे?

गिरणाकाठ:
मंडळी, उद्या सकाळी अकराला संहिता द्यायचीय. पाणबुड्या की गोताखोर, सांगाडा की बुडीत जहाज, काहीच ठरलं नाही. कोणी काही बोलेल का?

पांझरा:
आबांना विचारलं. आबा म्हणतात हात वर. चुलीपासून आजी ओरडली, आडवे. आता दोघं अंगणात दोर घेऊन उभे आहेत. थांबा दादा, एवढं मोजून होऊ द्या.